कॅरिअर रिकामं नाही

रुखमाने सायकल शिकायला घेतली तेव्हा तिचं नातवंडं खेळवायचं वय झालं होतं. धानोऱ्याच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून आणखी थोडं जंगलात गेलं की तिचं गाव. त्या गावात शाळकरी पोरी सायकली चालवतात, पण लुगड्याचा काष्टा मारून बाईमाणसाने सायकलवर टांग टाकलेली कोणी पाहिली नव्हती. शाळेच्या पटांगणात तिची लेक दुर्गा मागून कॅरिअर धरून पळायची आणि रुखमा पुढे "सोडू नोको वो, सोडू नोको!" ओरडत थेट हातपंपावर जाऊन आदळायची. बघ्यांची हसून हसून पुरेवाट व्हायची. गुडघे सोलले, कोपर फुटलं, कपाळावर टेंगूळ आलं. दुसऱ्या एखादीने हात जोडले असते. रुखमाने जोडले नाहीत, कारण तिला नवऱ्याला घरी आणायचं होतं.

नवरा, म्हणजे कोलू, मरून तेव्हा वर्ष होत आलं होतं.

कोलू फार कोणी मोठा माणूस नव्हता. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. धान निघालं की तो कोरपन्याकडे देवराव नावाच्या शेतकऱ्याकडे जायचा. दिवसा कापूस वेचायचा आणि रात्री मचाणावर बसून रानडुकरं राखायचा. त्या बाजूला जाणारे सगळे एसटीने जात. हा जायचा सायकलने. काळी, उंच, मधल्या दांड्याची सायकल होती त्याची. "एसटीत बसलं का रस्ता दिसत नाई," असं म्हणायचा. रस्त्यात असं काय पाहायचं होतं ते देव जाणे. पण वाटेने पायी जाणारं कोणी दिसलं की कोलूने त्याला कॅरिअरवर बसवलंच म्हणून समजा. बाजाराला निघालेली म्हातारी, दवाखान्यात चाललेला पेशंट, कोंबडा घेऊन पाहुण्याकडे निघालेला माणूस, सगळ्यांना घरपोच सोडायचा. त्यापायी स्वतःच्या घरी तो सांगितलेल्या दिवशी जन्मात कधी आला नाही. रुखमा भात झाकून ठेवायची. तो आला की आधी भांडायची, मग वाढायची.

"साऱ्या जिल्ह्याले पोचवून या, अन् घर सगळ्याच्या मागून," ती म्हणायची, आणि तो दात काढायचा.

मागच्या हंगामात देवरावच्या शेतात, कडुनिंबाच्या सावलीत चपला काढून तो पाणी प्यायला बसला, तो पुन्हा उठला नाही. देवराव भला माणूस. त्याने गाडी केली आणि रातोरात प्रेत घरी पाठवलं. गावाने रीतीप्रमाणे मातीही दिली. पण सायकल तिकडेच राहिली. आणि हळूहळू सगळ्यांना कळून चुकलं की कोलूही तिकडेच राहिला आहे.

आधी तो दुर्गाच्या स्वप्नात आला. "माही सायकल कुठी हाय?" एवढंच विचारलं. मग कोलूचा थोरला भाऊ मुखरू, ज्याला आयुष्यात स्वप्न पडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, तो सकाळी उठून ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "कोलू सायकल मांगून राह्यला." रुखमाच्या स्वप्नात मात्र तो बोलला नाही. उंबऱ्याबाहेर अनवाणी उभा होता. ती "या ना" म्हणाली, तरी आत आला नाही. आणि घरचा कुत्रा तर रोज दिवस मावळताना उठून गावाच्या शिवेवर जायचा, रस्त्याकडे तोंड करून बसायचा आणि अंधार पडला की मान खाली घालून परत यायचा. त्याला काय दिसत होतं ते विचारायची सोय नव्हती.

देवाधर्माचं पाहणारा गावचा भूमक पोचू. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मानूस आनला तुमी, जीव तिथीच सोडला," तो म्हणाला. "बंद गाडीत आनला, रातचा. त्याले कोनता रस्ता दिसला? ज्या रस्त्यानं गेला, ज्या सायकलनं गेला, तसाच येईल तो." जोवर येत नाही तोवर वाडवडलांत त्याला जागा नाही, त्याच्या नावाचा दगड उभा करता येणार नाही, परक्या शिवारात तो असाच भटकत राहील. आणि आणायचं ते बायकोनेच. ज्या हाताचं जेवला त्या हातामागेच मेलेला चालतो, असं पोचूचं म्हणणं.

थोरला मुलगा पवन गडचिरोलीत मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याला हे सगळं ऐकून घाम फुटला. "बाबाले माह्या गाडीवर आनतो ना," तो म्हणाला. "सकाळी जाऊ, सांजच्याले वापस."

"तुह्या गाडीवर तो जित्तेपनी बसला नाई," पोचू म्हणाला. "आता बसन काय?"

फाल्गुन सरता सरता रुखमा, पवन, दुर्गा आणि मुखरू असे चौघे तीन सायकलींवर निघाले. जाताना रुखमा पवनच्या मागे बसली होती. मोटारसायकलची सवय झालेल्या त्या पोराच्या पोटऱ्यांत मूलपर्यंतच गोळे आले आणि पुढचा सगळा रस्ता तो बापाच्या हौसेला शिव्या घालत गेला. शिव्या घालता घालता एकदा रडलाही. मागे बसलेल्या आईला ते कळलं.

देवरावने कापसाच्या कोठ्यातून सायकल बाहेर काढली. धूळ पुसून ठेवली होती. हँडलला एक पिशवी बांधलेली, तिच्यात कोलूच्या चपला. पवनने हवा भरली, साखळीला तेल दिलं, चाकं फिरवून पाहिली. रुखमाने कडुनिंबाखाली मूठभर तांदूळ ठेवले, मोहाच्या दारूची धार सोडली आणि नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली, "चला. सायकल आनली. घरी चला."

मग तिने टांग टाकली. सायकल हलेना.

सपाट वाट, पायात जोर, तरी चाक फिरेना. पवनने पुन्हा साखळी पाहिली, ब्रेक पाहिला, तोंड पुसलं. "काईच नाई झालं सायकलीले," तो म्हणाला. मुखरूने डोक्याचं दुपट्टं काढून हातात घेतलं. "वजन हाय तिच्यावर," तो हळूच म्हणाला. "जोर लाव, रुखमा."

परतीचे नियम पोचूने पढवून पाठवले होते. कोलूच्या कॅरिअरवर कोणी बसायचं नाही, काही ठेवायचं नाही. बाकीच्यांनी पुढे जायचं, रुखमाने सगळ्यांच्या मागे. कोणी वळून पाहायचं नाही, पाहिलं तर तो लाजून उतरतो. आणि मेलेल्याला वाहतं पाणी ओलांडता येत नाही, म्हणून नदी आली की या काठापासून त्या काठापर्यंत पुलावरून दोरा धरायचा. दोऱ्यावरून तो पलीकडे येतो. दुर्गाने कोरपन्याच्या बाजारात पांढऱ्या दोऱ्याचं सगळ्यात मोठं रीळ घेतलं.

सिमेंटच्या धुळीतून, ट्रकांच्या रांगांच्या कडेकडेने त्यांची वरात निघाली. राजुऱ्याच्या पुढे वर्धा नदी आली. पुलाच्या कठड्याला दोरा गुंडाळत दुर्गा पुढे आणि जड सायकल रेटत रुखमा मागे, असं पाहून ट्रकवाले भोंगे वाजवून हसले. हसू देत. रुखमा त्या वेळी नवऱ्याशी बोलत होती. तो जिवंत असताना बोलायचं काम त्याचं आणि भांडायचं हिचं. आता तो गप्प आणि ही अखंड बोलते आहे. गाय व्याली, कालवड झाली. दुर्गा पास झाली. छपराला नवे बांबू घातले, पण तुमच्यासारखे कोणाला बांधता येत नाहीत. पाठीशी ते वजन होतं, चढावर ते तिला मागे ओढायचं, उतारावर हलकेच ढकलायचं. खरं सांगायचं तर ती सुखात होती. लग्न झाल्यापासून नवरा असा तिच्या एकटीच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

चंद्रपूर सोडून मूलच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी जंगल येतं. ते वाघांचं जंगल, तिथे उगाच कोणी थांबत नाही. मोह गळायला लागला होता, रस्ताभर त्याचा वास. दुपार कलली होती. पुढचे तिघे वळणाआड गेले आणि त्याच वळणावर, मोहाच्या झाडाखाली रुखमाला एक म्हातारी दिसली. सीताबाई तिचं नाव. मोह वेचायला आली होती, पाय मुरगळला, तो सुजून टम्म झाला होता. सोबतच्या बायका माणूस घेऊन यायला गावाकडे गेल्या होत्या. डोळ्यांत फूल पडलेलं, हातात टोपली, आणि एकटी.

"बाई वो," म्हातारी म्हणाली, "तुह्या मागं जागा हाय ना? माह्या गावाच्या फाट्यापर्यंत नेते काय? इथी बसाले भेव लागते."

रुखमाने पाय टेकले. मागे जागा नव्हती. हे म्हातारीला कसं सांगायचं? नाही म्हणून पुढे जावं, तर मोहाच्या दिवसात वाकून बसलेल्या बाईचं वाघापुढे काय होतं ते त्या भागात कोणाला माहीत नाही? बसवावं, तर नवऱ्याला या जंगलात उतरवायचं. हाक मारली तर पुढच्यांना ऐकू जाणार नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कोलू असता तर त्याने एका क्षणाचाही विचार केला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती खाली उतरली. म्हातारीला काखेत धरून उठवलं आणि कॅरिअरवर नाही, पुढच्या सीटवर बसवलं. "दांडा धरून बसा बाई. मी पायी येतो हातानं धरून."

"अवो, मागं बसव ना! तू काऊन पायी?"

"मागची जागा रिकामी नाई," रुखमा म्हणाली, आणि सायकल रेटू लागली.

पुढे चढ होता. एक जिवंत आणि एक मेलेला, दोघांचं ओझं. तिला वाटलं, छाती फुटणार. पण अर्ध्या चढावर सायकल अचानक सोपी झाली. इतकी सोपी की तिला नुसता हात लावायचा राहिला. रुखमाला बरं वाटलं. म्हातारी सीटवर वळली आणि बोलायला लागली, तेव्हा रुखमाच्या लक्षात आलं की मागे पाहू नका हे तिने म्हातारीला सांगितलंच नाही.

"तो मागून ढकलून राह्यला, तुहा मानूस काय वो?"

जंगलात एक पान हललं नाही. रुखमाने मान ताठ धरली. "कसा दिसते?" तिने विचारलं.

"मले काय दिसते माय, सारं धुकंधुकं. डोक्याले पांढरं दुपट्टं हाय. पायात काई नाई बिचाऱ्याच्या. रस्ता किती तपला! चप्पल देत जाय ना त्याले."

चपला हँडलला लटकत होत्या, पिशवीत. रुखमा तो सगळा चढ रडत चढली, पण तिने वळून पाहिलं नाही.

फाट्यावर म्हातारीचा मुलगा आणि बायका समोरून येताना भेटल्या. त्यांनी तिला उतरवून घेतलं, रुखमाला पाणी दिलं. ती पुन्हा सायकलवर बसली आणि पाय मारताच सायकल सुटली. हलकी, रिकामी, वाऱ्यावर निघालेली. तिने ब्रेक दाबला. "बसा," ती म्हणाली. वाट पाहिली. "बसा ना. म्हातारी गेली आता." पुन्हा पाय मारला. वजन नव्हतं. म्हातारीने पाहिलं म्हणून तो लाजला, की तिच्यासोबत तिच्या घरापर्यंत गेला, की तिथेच जंगलात उभा राहिला, काही कळायला मार्ग नव्हता. एवढ्या लांबून आणला आणि अर्ध्यावर घालवला.

मूलला एका राइस मिलच्या पडवीत तिघे तिची वाट पाहत बसले होते. कोलू नेहमी तिथेच उतरायचा. मुखरूने विचारलं, "कसा हाय?"

"हाय," रुखमा म्हणाली आणि तोंड धुवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वैनगंगा आली. नदी मोठी, पूल लांबच लांब. मधोमध आल्यावर दुर्गाचं रीळ संपलं. रुखमा म्हणाली, "राहू दे, चाल." कोणासाठी दोरा धरायचा? पण हे बोलणार कसं? दुर्गा ऐकायला तयार नव्हती. "बाबा मधातच राहीन ना, माय!" तिने वेणीच्या लाल रिबिनी सोडल्या, शिध्याच्या पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडली, ओढणीची किनार दातांनी फाडली आणि गाठीवर गाठ मारत दोरा पलीकडच्या काठाला नेला. रुखमा तिच्यामागून सायकल हातात धरून चालत होती. आपण पोरीला फसवतो आहोत या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावाच्या शिवेवर कुत्रा बसलेला होता. तो धावत आला, सायकलचं मागचं चाक हुंगून परत गेला आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. ते फक्त रुखमाने पाहिलं.

अंगणात सारं गाव जमलं होतं. पोचूने काशाच्या वाटीत पाणी घेतलं आणि दोन तांदूळ त्यावर तरंगत सोडले. एक वाडवडलांचा, एक कोलूचा. मेलेला घरी पोचला असेल तर तांदूळ तरंगत एकमेकांना भिडतात. सगळे वाकून पाहत होते. एक दाणा या काठाला लागला, दुसरा त्या काठाला. जागचे हलेनात.

"आनला का नाई?" पोचूने विचारलं.

मग रुखमाने सगळं सांगितलं. म्हातारीचं, चढाचं, हलक्या सायकलीचं, राइस मिलमधल्या खोट्याचं. सांगताना तिने दुर्गाकडे पाहिलं नाही. अंगणात कोणी चुकचुकलं. पवनने डोकं धरलं. पोचूने वाटीवरून नजर उचलली.

"तू उतरवला त्याले?"

"नाई. आपल्याच मनानं उतरला."

"कशाले?"

"ढकलाले."

पोचूला हसू आलं. बोळक्या तोंडाचं मोठं हसू. "मंग रडते कशाले वो? तो पायी येऊन राह्यला. पायी मानसाले वेळ लागते. वाटी झाकून ठेव अन् वाट पाहा. तुले त्याची सवय हाय."

गाव आपापल्या घरी गेलं. वाटी बांबूच्या पाटीखाली झाकून राहिली. रुखमाने चपला पिशवीतून काढून उंबऱ्याबाहेर ठेवल्या, येणाऱ्याला घालता येतील अशा. रोज ती मनात रस्ता मोजायची. आज म्हातारीला सोडून निघाला असेल. आज मूल. वाटेत आणखी कोणी भेटलं असेल तर आज मूलही नाही. मग वैनगंगेचा दिवस आला आणि तिचा जीव थाऱ्यावर राहिना. दोरा असेल का? ट्रकच्या वाऱ्याने तुटला असेल का? सुतळीची गाठ सुटली असेल का? "राहू दे, चाल," आपण म्हणालो होतो. पोरीने ऐकलं असतं तर? रात्री ती दुर्गाजवळ जाऊन निजली आणि तिच्या मोकळ्या केसांवरून हात फिरवत राहिली. दुर्गा म्हणाली, "पक्क्या गाठी मारल्या माय. बाबासारख्याच."

पुढच्या एका दुपारी, ऊन रणरणत असताना, शिवेवर न जाता कुत्रा अंगणातच उठून उभा राहिला. रस्त्याकडे धावत गेला. आला तो सावकाश आला, कोणाच्या तरी पायांशी घोटाळत चालावं तसा, थांबत, वर पाहत, शेपूट हलवत. थेट उंबऱ्यापर्यंत आला आणि चपलांवर तोंड ठेवून पसरला.

रुखमाने पाटी उचलली. वाटीच्या मधोमध दोन्ही तांदूळ एकमेकांना चिकटून होते.

"इतका उशीर करते काय कोनी?" ती ओरडली. इतक्या जोरात की शेजारी धावत आले. मुखरूने ढोल काढला, पोचूला बोलावणं गेलं, दुर्गा आणि पवन एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. दुसऱ्या दिवशी वाडवडलांच्या रांगेत कोलूचा दगड उभा राहिला. गावजेवण झालं. सगळं जसं व्हायला हवं होतं तसं झालं.

पाहुणे गेल्यावर, दिवस मावळताना, रुखमाने सवयीने भाताचं भगुणं उतरवलं आणि एक ताट वेगळं वाढून झाकायला झाकणी उचलली. कुत्रा शिवेवर गेला नव्हता, ओसरीवर झोपला होता. भिंतीला सायकल टेकवलेली होती, रिकामी. झाकणी हातात धरून ती तशीच उभी राहिली. सगळं आयुष्य तिने या माणसाची वाट पाहण्यात घालवलं होतं, त्याच्या मरणानंतरही. आता तो घरी पोचला होता, आणि वाट पाहायला कोणी उरलं नव्हतं.